काचेवरचं हळदकुंकू

१

दीप्तीच्या लग्नपत्रिकेतून तिची आत्या चोरीला गेली, तेव्हा मी सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या माझ्या खोलीत बसून वरणभाताला एक जुनी गोष्ट ऐकवत होतो. खोटं नाही सांगत. एकटा माणूस जेवताना कुणाशी तरी बोलणारच, आणि गोष्ट अर्ध्यात टाकून वरणभात उठून जात नाही, हा त्याचा फार मोठा गुण.

दार वाजलं. दारात दीप्ती. अशोक निकमची मुलगी, सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. डोळे सुजलेले, हातात पत्रिका.

"काका, यात काय कमी आहे सांगा."

आता मी कोण, ते सांगतो. उभी हयात मी मिलमध्ये कापड तपासलं. धावत्या कापडात कुठे धागा तुटलाय, ते मी डोळे मिटून सांगायचो. एकदा मी नुसती मान हलवली, तर मालकानं मालाचा ट्रक अर्ध्या वाटेतून परत बोलावला. नंतर कळलं, माझी मान आखडली होती. पण माल खरंच खराब निघाला. तेव्हापासून कुणाचं काही हरवलं की लोक म्हणतात, प्रदीपकाकांना विचारा. माझ्या गोष्टी ऐकायच्या नसल्या की तेच लोक रस्ता ओलांडतात.

पत्रिका वाचली. वर गणपती. नवरा-नवरीची नावं, सुरतेबाहेरच्या कामरेजच्या मंगल कार्यालयाचा पत्ता. खाली निमंत्रक म्हणून अशोक निकम, सौ. शैलजा निकम. त्याच्याखाली एकदम चिल्ल्यापिल्ल्यांची ओळ, 'आमच्या दीप्तीताईच्या लग्नाला यायचं हं!'

"चंपाबाई कुठे आहेत?" मी विचारलं.

ती मटकन खाली बसली. "तेच तर. आई-बाबांच्या खाली ओळ होती, 'सौ. चंपाबाई लोटू बोरसे'. आम्ही सगळ्यांनी पत्रिका छापणाऱ्या पंडितकाकांच्या पडद्यावर पाहिली. आत्यानं हळद लावली, आईनं कुंकू लावलं, बाबांनी हो म्हटलं. आणि छापून आलं त्यात ओळच नाही. पंडितकाका म्हणतात, पडद्यावर होतं तेच छापलं, अशी ओळ नव्हतीच. आम्ही काय सगळे आंधळे?"

"आणि आत्या?"

"ट्रंक भरतेय. कुणावर चिडली नाही, एक शब्द बोलली नाही. 'गावचं घर उघडते, बंद घराला वाळवी लागते' म्हणे. काका, गावच्या घराला छप्पर तरी उरलंय का?"

चंपाबाईची गोष्ट आमच्या सगळ्या वस्तीला ठाऊक. लग्न होऊन वर्ष सरायच्या आत नवरा 'सुरतेला कामाला जातो' म्हणून खानदेशातून निघाला, तो आलाच नाही. मागाहून धाकट्या भावाबरोबर ती सुरतेला आली. आधी त्याला शोधायला, मग भावाचं घर सांभाळायला. अशोकची बायको शैलजा शाळेत शिकवायची. दीप्तीला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, ते आत्यानं. आणि रोज सकाळी न चुकता कपाळावर मोठ्ठं कुंकू. त्या हरवलेल्या माणसाच्या नावाचं.

"आत्या गेली," दीप्ती म्हणाली, "तर मी हळदीच्या पाटावर बसणार नाही. बाबांना सांगून आलेय. परवाच्या गाडीनं ती निघतेय. काका, चोर शोधा."

मी वरणभात झाकून ठेवला. त्यानं काही तक्रार केली नाही.

२

पंडितचा गाळा बाजाराच्या मागच्या अंगाला आहे. पाटीसुद्धा नाही. आत एक पंखा, एक छपाईचं यंत्र आणि एक पडदा. आताचे ते पोळीसारखे चपटे पडदे नव्हेत. गाभण म्हशीसारखा, मागे पोट सुटलेला, पुढे जाड काचेचा. एका कॉलेजच्या संगणक-खोलीत पंडित प्राध्यापकांची गणिताची पुस्तकं जुळवायचा. कॉलेजनं यंत्रं भंगारात काढली तेव्हा हा पडदा त्यानं घरी आणला. बायको आधीच गेली होती, मुलगा कॅनडात. बैलगाडीत बसवून आणला म्हणतात. मीच म्हणतो.

त्याची कामाची रीतही जुनीच. इतर लोक पानावर चित्रं ढकलत बसतात, तसं नाही. तो आधी मजकूर लिहितो आणि मध्ये मध्ये आज्ञा: इथे मोठं अक्षर, इथे मधोमध, इथे किनार. मग यंत्राला म्हणतो, जुळव. यंत्र जुळवतं, आणि पान कसं छापलं जाईल ते पडद्यावर दाखवतं. त्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला एकच गोष्ट जमत नाही, चित्र. जिथे गणपती यायचा तिथे नुसती रिकामी चौकट दिसते. नवं गिऱ्हाईक हमखास बिचकतं. पंडित म्हणतो, "गणपती छापताना येतील."

आणि या गाळ्याचा एक रिवाज. पंडित कागदावर नमुना काढून देत नाही. जे आहे ते पडद्यावर पाहा आणि हो म्हणा. पहिली पत्रिका देवापुढे ठेवून चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावायची आपल्याकडे पद्धत; पण कागदच नाही तर लावायचं कशाला? कुणा एका आजीनं सरळ काचेलाच लावलं. पडद्यावरच्या पत्रिकेचे चार कोपरे, तिथे चार बोटं. तेव्हापासून लग्नपत्रिकेवाले सगळे लावतात. गिऱ्हाईक गेलं की पंडित फडकं मारून काच लख्ख करतो.

मी गेलो तेव्हा तो एकटाच पडद्यासमोर बसला होता. पडद्यावर कुठल्यातरी कॉलनीची सत्यनारायणाची पत्रिका. टेबलाच्या कडेला बारशाच्या, वास्तूच्या ताज्या पत्रिकांचे गठ्ठे.

"पंड्या," मी म्हणालो, "निकमांची दाखव."

"ओळ नव्हती, प्रदीपभाऊ."

"मी ओळ मागितली का? पत्रिका मागितली."

त्यानं मुकाट्यानं काढली. किनारीतली पत्रिका पडद्यावर उमटली. वर रिकामी चौकट, मग मजकूर, बिनआत्याचा.

मी वाकून काचेजवळ गेलो. माझा चष्मा काचेला टेकला. पंडितनं माउसचं बटण दाबून एक गोल भिंग पडद्यावर फिरवलं; भिंगाखाली अक्षरं आंब्याएवढी झाली. पण मी अक्षरं बघतच नव्हतो. मी काच बघत होतो.

काचेवर हळदकुंकवाची चार बोटं होती. वाळलेली.

"ही कुणाची?"

"निकमांचीच. पुसायची राहिली. त्यांच्यामागून गिऱ्हाईकच आलं नाही."

बारशाचा गठ्ठा माझ्या कोपराला लागून होता. गिऱ्हाईक आलं नाही? म्हणजे हा माणूस त्या चार बोटांआडून इतरांची बारशी बघत होता, फडकं खुंटीवर असून.

"पान नेहमी एवढंच दिसतं? लहानमोठं करत नाहीस?"

"कधीच नाही. छापलेलं जेवढं, तेवढंच पडद्यावर. लोकांचा गोंधळ होतो नाहीतर."

"आणि ही किनार तू काढतोस?"

"यंत्र काढतं. मजकूर जेवढा, तेवढी किनार."

वरची दोन बोटं बरोब्बर किनारीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत बसली होती. खालची दोन मात्र किनारीच्या बाहेर, अधांतरी, खाली लोंबकळत होती. देवळाबाहेर विसरलेल्या चपलांसारखी. मी माझं बोट आडवं धरलं. किनारीपासून त्या बोटांपर्यंत बरोबर एका ओळीची जागा होती.

पाहताना पत्रिका एका ओळीनं लांब होती. ओळ होती. आणि ती इथेच, या यंत्रावर गेली.

मी पंडितकडे पाहिलं. तो काचेकडे पाहत होता. सुरतेत मी पुष्कळ थापाडे पाहिलेत, त्यात रोज सकाळी दाढी करताना एक दिसतो. पंडित त्या जातीचा नव्हे. हा माणूस खोटं बोलत होता आणि त्याला ते जड जात होतं.

कुणासाठी?

३

पडद्यावर पत्रिका पास झाली आणि छपाई झाली, त्या मधल्या वेळात पंडितकडे दोनच माणसं येऊन गेली होती. समोरच्या पानवाल्यानं सांगितलं. पानवाल्याला सगळं दिसतं, चुना लावताना सोडून. एक शैलजा, दीप्तीची आई. दुसरे धर्मेंद्र, नवरदेवाचे मामा, कामरेजचे.

शैलजा स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. नणंद-भावजयीची भांडणं आमच्या वस्तीत घड्याळासारखी ऐकू येतात.

"मी गेले होते दुसऱ्या दिवशी पंडितकडे," ती म्हणाली. "मग? माझ्यावर संशय आहे ना? घ्या. सगळ्यांनाच आहे. अशोकनं दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही."

"कशाला गेली होतीस?"

मग पातेलं खाली ठेवून म्हणाली, "चंपाताईंची ओळ ठळक कर म्हणून सांगायला. पडद्यावर मला ती बारीक वाटली. पंडितनं माझ्यासमोर ठळक करून दाखवली."

"म्हणजे दुसऱ्या दिवशीही ओळ होती."

"होती. आणि ऐका प्रदीपभाऊ, मी भांडते त्यांच्याशी, रोज भांडते. मीठ जास्त, पाणी कमी. पण मी शाळेत शिकवत होते तेव्हा माझी पोर कुणी वाढवली? ती बाई गेली तर मी या घरात भांडू कुणाशी? अशोकशी? तो तर पेपर वाचतो."

तिनं पदरानं नाक पुसलं आणि मला कांदे चिरायला दिले, म्हणजे डोळ्यांतलं पाणी दोघांचं सारखंच दिसावं.

"एक सांग," मी म्हणालो. "कुंकू तू लावलंस म्हणे. घरात मोठी तर चंपाबाई."

"मीही तेच म्हटलं. त्यांनी हळद लावली आणि कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, हात थरथरतो. हळद लावताना कुठे थरथरला होता?"

माझा कांदा हातातच राहिला.

४

कामरेजला धर्मेंद्रभाईंचं पाण्याच्या पंपांचं दुकान आहे. जन्म कामरेजचा, त्यामुळे मराठीत गुजराती अशी मिसळलेली, जशी उसळीत शेव.

"आवो आवो काका! बसा. चहा?"

"पत्रिकेत नावं फार झाली, असं तुम्ही म्हणाला होता म्हणे."

"हा तो, म्हणालो होतो ने! जेटलां नाम, एटली माथाकूट, जेवढी नावं तेवढी कटकट. पण नाव काढा असं कोण सांगेल? मुलीवाल्यांचा मामला. मी पंडितभाईकडे गेलो ते पत्ता बरोबर आहे का बघायला. हायवेवरून वळायचं कुठे ते लोकांना कळत नाही. मी निमंत्रकांची नावं वाचलीसुद्धा नाहीत. पंडितभाईंनी पडद्यावरचं ते गोल भिंग फक्त पत्त्यावर धरलं होतं."

"म्हणजे आत्याबाईंचं नाव तुम्हाला..."

"माहीतच नाही! मला वाटलं असतील कुणी मावशी-बिवशी." तो खरं बोलत होता. खोटं बोलणारा माणूस इतक्या जोरात चहा ओरपत नाही.

"पंडितला कधीपासून ओळखता?"

"अरे, तेमनो नंबर तर मीच दिला अशोकभाईंना! आमच्या शेजारचे लोटूअण्णा दिवाळीत वारले. त्यांचं श्रद्धांजलीचं कार्ड पंडितभाईंनीच केलं. काय सुंदर! अण्णांच्या बायकोला घेऊन मीच गेलो होतो. बिचारीनं पडद्यावर अण्णांचं नाव पाहिलं आणि तिथंच जमिनीवर बसली. पंडितभाईंनी स्वतः पाणी पाजलं. भला माणूस."

मी बशी खाली ठेवली.

"अण्णा मूळ कुठले?"

"तुमच्या खानदेश साइडचे. पण इथंच आयुष्य गेलं. दोन मुलं, नातवंडं. तेराव्याला केवढी माणसं! एक बाई तर बाहेर रस्त्याच्या पलीकडेच उभी होती, आत आलीच नाही. मी म्हटलं, ताई, या ने. तर छत्री पुढे केली आणि चालू लागली. छत्रीच्या दांड्याला लाल दोरा गुंडाळलेला, एवढंच आठवतं. कुणाची कोण, देव जाणे."

उरलेला चहा मी तसाच टाकला. उभ्या आयुष्यात मी चहा टाकलेला नाही, तुम्हाला कुणीही सांगेल.

५

गाळ्याचं शटर मी आतून निम्मं ओढलं. पंडित उठून उभा राहिला.

"बस," मी म्हणालो. "तुला काही विचारणार नाही. मी सांगतो, तू नुसता ऐक. चुकलं तर थांबव.

"निकमांनी पत्रिका पाहिली, हो म्हणाले, गेले. तू एकटा उरलास. दुसऱ्या दिवशी शैलजानं ओळ ठळक करून घेतली, ती जास्तच डोळ्यांत भरू लागली. मग धर्मेंद्र आला. त्याला पाहिल्यावर तुला कामरेज आठवलं. तो गेला, आणि तू भिंग घेऊन पुन्हा ती ओळ वाचलीस. सौ. चंपाबाई लोटू बोरसे. आणि तुला समजलं की यातलं अर्धं नाव तू आधी एकदा जुळवलंयस. काळ्या किनारीत."

पंडितनं हात टेबलाच्या कडेवर ठेवले.

"नवरा जिवंत असेल तर सौ. लावायचं. आणि तुला ठाऊक, तो मेला. लग्न कामरेजला. वऱ्हाडात त्या गल्लीतली माणसं असणार. तिथे पत्रिकेत 'सौ. चंपाबाई लोटू बोरसे' छापून गेलं तर लोक दोन प्रश्न विचारतील. अण्णांना आधीची बायको होती? आणि मेलेल्या माणसाची बायको सौभाग्यवती कशी? भर मांडवात. दुसरा रस्ता, सौ. काढून विधवेचं बिरूद लावायचं. म्हणजे त्या बाईनं आपल्या भाचीच्या लग्नपत्रिकेत वाचायचं की आपला नवरा मेला. तिसरा रस्ता, अशोकला सांगायचं. तो तापट, त्या घरी जाऊन राडा करेल, लग्न मोडेल. म्हणून तू चौथा काढलास. ओळच पुसलीस, आणि वर म्हणालास, नव्हतीच. चूक झाली म्हणालास तर ते म्हणणार, दुरुस्त कर. खोटं बोललास तर नुसत्या शिव्यांवर सुटका."

पंडितनं पंखा बंद केला.

"मला वाटलं," पंडित म्हणाला, "नाव नाही म्हणून रुसतील. रुसवा जातो, प्रदीपभाऊ. दुसरं ते जात नाही. माझी कलावती गेली तेव्हा मीच तिचं कार्ड जुळवलं. याच पडद्यावर. पाहायला कुणी नव्हतं, मीच पाहिलं, मीच हो म्हणालो." त्यानं काचेकडे बोट केलं. "ती बोटं पुसायला गेलो की हात उचलायचा नाही. त्यांना सांगू नका. एवढी वर्षं ती बाई त्याची वाट बघत कुंकू लावतेय. तेवढं राहू द्या तिच्याकडे."

"पंड्या," मी म्हणालो, "तू चुकलास. पण कुठे चुकलास, ते मला आधी तिला विचारून यायचंय."

६

चंपाबाई खोलीत एकटी होती. ट्रंक बंद, दोरी बांधलेली. ट्रंकेवर छत्री. दांड्याला लाल दोरा.

"बसा भाऊ. कसाले आलात एवढ्या उन्हाचं?"

मी बसलो. मला सहसा शब्दांची ददात नसते. मी एकदा बंद पडलेल्या बसला गोष्ट सांगून उधना स्टेशनपर्यंत आणलंय. पण तेव्हा एवढंच विचारता आलं.

"चंपाबाई, पत्रिकेला हळद लावलीत. कुंकू का नाही लावलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग छत्रीकडे. कुठल्या दिशेनं वारं आलं ते तिला कळलं.

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. "दिवाळीपासून ठाऊक शे."

मग ती बोलत राहिली. नवरा कामरेजला वारल्याचं गावाकडच्या कुणीतरी सांगितलं होतं. ती कुणाला न सांगता कामरेजला गेली. रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. "घरात बाया रडत व्हत्या. वाटलं, आपणबी जाऊन रडावं. पण कोणी विचारलं, तू कोण, तर काय सांगू? मग आले परत. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं, शैलजा भांडली. बरं वाटलं माले. कोणीतरी बोललं."

"आणि कपाळावरचं कुंकू?"

"पुसलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं. आणि खरं सांगू? त्याच्यासाठी लावनं कधीच सुटलं व्हतं. सकाळी आरशासमोर तेवढं एकच काम मना सोताचं. बाकी दिवस घरादाराचा." ती थांबली. "पण पोरीची पत्रिका. शुभकार्य. तिथे हात उचलेना. म्हणून करंडा शैलजाकडे दिला. मंग ओळ गेली. मी समजले, यांना कळलं. भावाले तोंडावर सांगाले जड गेलं असेल की तू मांडवात नको. म्हणून निघाले."

"चंपाबाई, घरात कुणालाच कळलेलं नाही."

तिचे हात मांडीवर थांबले.

"ओळ पंडितनं काढली. एकट्यानं. तुम्हाला ठाऊक नाही असं समजून. पत्रिकेत वाचून तुम्हाला कळू नये म्हणून. शैलजा तर ओळ ठळक करून आली होती."

"शैलजा?"

"आणि दीप्ती म्हणते, तुम्ही नसाल तर पाटावर बसणार नाही."

ती रडली नाही. आधी हसली. "मी साऱ्यांपासून लपवते, पंडित माझ्यापासून लपवतो. एवढ्याशा ओळीमागे किती माणसं लपली भाऊ!" आणि मग रडली. दिवाळीपासूनचं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. माझ्या गोष्टी ऐकताना लोक जसे बसतात तसा.

शेवटी तिनं दारात उभ्या असलेल्या दीप्तीला हाक मारली. पोर केव्हा आली होती, मला कळलंच नाही. आत्यानं तिला जवळ बसवून स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "माले चप्पल दे. पंडितकडे जानं शे."

७

पंडित आम्हा तिघांना पाहून खुर्चीतून उठला, टेबलाला धडकला.

"भाऊ," चंपाबाई म्हणाली, "मनी ओळ माले परत दे."

तो माझ्याकडे पाहू लागला. मी मान हलवली. यावेळी आखडलेली नव्हती.

तो बसला. बोटं कळांवर ठेवली आणि अडला. "आधी... आधी काय लावू?"

सौ. नाही, दुसरं बिरूद तिच्या समोर उच्चारायची कुणाची छाती?

"काहीच नको," चंपाबाई म्हणाली. "आईबापांनी ठेवलं तेवढं लिही. चंपाबाई."

"मधलं नाव?"

ती पडद्याकडे पाहत राहिली. "ते त्या घरच्या बाईकडे असू दे. तिनं त्याची चाकरी केली. मी नुसती वाट पाहिली."

"पण नुसतं चंपाबाई कसं?" दीप्ती म्हणाली. "लोक विचारतील, कोण? पंडितकाका, पुढे लिहा, दीप्तीची आत्या. ठळक करा. आईनं सांगितलंय तसं."

पंडितनं लिहिलं. यंत्राला म्हणाला, जुळव. पडद्यावरचं पान क्षणभर गेलं आणि नवं आलं. शैलजाच्या नावाखाली ओळ होती, 'चंपाबाई, दीप्तीची आत्या'. तिला जागा द्यायला चिल्ल्यापिल्ल्यांची ओळ खाली सरकली होती, आणि तिच्यासोबत किनार. किनारीचे खालचे दोन्ही कोपरे त्या अधांतरी बोटांखाली बरोब्बर येऊन बसले. सुकलेली हळद, सुकलेलं कुंकू. जणू तेवढे दिवस जागा राखून बसलं होतं.

कोपरे भरलेलेच होते. दीप्तीनं पिशवीतून करंडा काढला आणि आत्यापुढे धरला. चंपाबाईनं बोट बुडवलं, मग काचेवर इकडेतिकडे पाहिलं. जागा एकच उरली होती, वरची गणपतीची रिकामी चौकट. तिनं त्या चौकटीच्या अगदी मधोमध कुंकू टेकवलं. हात थरथरला नाही.

अशोकला तिनं लग्नानंतर सांगितलं, आणि तो कामरेजला गेला तो भांडायला नव्हे. ट्रंकेची दोरी शैलजानं सोडली, मीठ घातलेलं लोणचं आत कसं ठेवलं म्हणून भांडत भांडत. चोर मी कसा पकडला असं कुणी विचारलं, तर मी सांगतो की हायवेवर ट्रकमागे धावून. लोक रस्ता ओलांडतात. फक्त चंपाबाई मला अधूनमधून जेवायला बोलावते आणि म्हणते, ट्रकची गोष्ट सांगा भाऊ. वरणभातापेक्षा ती चांगली ऐकते. मध्ये मध्ये हसते.

पंडित आता काच पुसतो. चारी कोपरे लख्ख करतो, फडकं मधल्या एका ठिपक्याला वळसा घालून जातं. नवं गिऱ्हाईक रिकाम्या चौकटीकडे बोट दाखवून बिचकलं, की तो म्हणतो, "गणपती छापताना येतील. कुंकू आधीच लागलेलं आहे."